सात नंबरची टेप

मी आजवर कोणाच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही केलेली नाही. मृत्युपत्रावर नाही, भाडेकरारावर नाही, पोलिसांच्या पंचनाम्यावर तर देवाच्या दयेनं मुळीच नाही. पण दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या तेवीस चाचण्यांवर माझी सही आहे. सही, तिच्याखाली पूर्ण नाव, वय, व्यवसाय आणि पत्ता. पहिल्याच वेळी मी म्हटलं होतं, "अहो साहेब, मी तुमच्या डोक्यावर राहते, माझा पत्ता कशाला हवाय?" सोनवणे साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेधाताई, तोंडी चालत नाही." मग आधार कार्ड मागितलं. मी वर जाऊन घेऊन आले, हेही कबूल करते.

"तोंडी चालत नाही" म्हणजेच सोनवणे साहेब. बत्तीस वर्षं त्यांनी दस्त नोंदणीच्या कार्यालयात काढली. लोकांची घरं, जमिनी, बक्षीसपत्रं त्यांच्या टेबलावरून गेली आणि प्रत्येक कागदाखाली दोन साक्षीदार. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माणूस त्या टेबलावरून अजून उठलेला नाही. कसब्यातल्या आमच्या तीन मजली इमारतीत ते पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. सकाळी खराडीला ऑफिसला निघताना जिन्यात भेटले की विचारतात, "परत कधी?" मी "सातपर्यंत" म्हटलं की मनगटावरच्या घड्याळात बघतात. नोंद झाली, हे मी समजते. एकदा त्यांच्याकडे दाण्याची चटणी दिली होती. बाटली धुऊन परत आली, आत चिठ्ठी होती: "बाटली एक, काचेची, झाकणासह, सुस्थितीत परत. पोच द्यावी." मी पोच दिली. न देऊन सांगते कोणाला!

निवृत्तीनंतर कोणी बागेत हसायला जातं, कोणी भावगीतांच्या क्लासला जातं. साहेबांनी सुतारकाम धरलं. सोसायटीची लेखी परवानगी घेऊन पार्किंगच्या कोपऱ्यात टेबल मांडलं. पहिला चौरंग केला तो तीन पायांवर उभा राहायचा, चौथा नुसता सोबतीला होता. पण माणूस चिकाटीचा. वर्षभरात हात बसला आणि मग त्यांनी राउटर घेतला.

राउटर म्हणजे काय हे मी आता झोपेतही सांगू शकते. दोन्ही हातांनी धरायचं यंत्र, खाली गरगर फिरणारं पातं. नुसतं हातानं फिरवलं तर ते वाट्टेल तिकडे पळतं. म्हणून आधी पातळ प्लायवुडचा फर्मा कापायचा, म्हणजे हव्या त्या आकाराचा साचा. तो लाकडावर बसवायचा आणि यंत्र त्याच्या कडेकडेनं न्यायचं. फर्मा जसा, लाकूड तसं. आता हा फर्मा लाकडावर धरून कसा ठेवायचा? खिळा मारला तर लाकडाला भोक पडतं. वरून आवळून धरणारा शिकंजा लावला तर तो यंत्राच्या वाटेत येतो. उरली दोन्हीकडून चिकटणारी टेप, आणि तिथं आमचे साहेब अडकले.

बोहरी आळीतल्या दुकानदारांना त्यांनी तेव्हा फार छळलं असणार. मी एकदा त्यांच्याबरोबर होते, पडद्याच्या दांडीचे हुक घ्यायला गेले होते. दुकानदार मोठ्या अभिमानानं म्हणाला, साहेब, ही लावा, वीस वर्षं सुटणार नाही. साहेबांनी रीळ सावकाश काउंटरवर परत ठेवलं आणि म्हणाले, "मला सुटणारी हवी आहे." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी हुक मोजत राहिले. तरी साहेबांनी त्याला समजावलंच: यंत्र चालू असताना फर्मा केसभर हलता कामा नये आणि काम झाल्यावर मागितला की सुटला पाहिजे, लाकडाचा कपचा न काढता, डिंक मागे न ठेवता. दुकानदार म्हणाला, अशी टेप आमच्याकडे नाही. साहेब म्हणाले, "तसं लिहून द्याल?"

एवढा काटेकोरपणा कशासाठी, तर फळी एकच होती. जुन्या सागवानाची, हातभर लांब. त्यांच्या पत्नी कुसुमबाई, ज्यांना अख्खी गल्ली नुसतं 'बाई' म्हणते, दोन बोळ पलीकडच्या पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शाळेनं जुनं सामान भंगारात काढलं तेव्हा बाईंचं टेबलही निघालं, आणि साहेबांनी रीतसर अर्ज करून त्याची एक फळी मिळवली. त्या फळीतून त्यांना दारावरची पाटी करायची होती. पाटीवर स्वतःचं नाव नाही, बाईंचं. तेही छापील अक्षरात नाही, बाईंच्या सहीत. शाळेच्या जुन्या दाखल्यांवर बाईंची सही आहे ना, 'कुसुम सोनवणे', त्यातले दोन उकार एकाच वळणाचे, एका मापाचे. ती मोठी करून तिचा फर्मा कापायचा आणि फळीत कोरायची. फर्मा एकदा सरकला की दुसरी फळी आणणार कुठून?

आता बाईंचं सांगायला हवं. गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात बाईंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं दोन महिन्यांत सुधारलं, चालणं काठीवर आलं, उजवा हात मात्र रुसून बसला. त्यातच एका कार्यालयात कसल्याशा कागदासाठी जावं लागलं. पेन बाईंच्या बोटांतून दोनदा निसटलं. मागे रांग होती. खिडकीतल्या माणसानं शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि म्हणाला, "आजी, अंगठा द्या." तो बिचारा वाईट बोलला नाही, सोय म्हणून बोलला. बाईंनी अंगठा दिला.

घरी येऊन त्यांनी तो अंगठा तीन वेळा साबणानं धुतला. मी तेव्हा तिथंच होते, भाजी द्यायला गेले होते. बाईंची आई पालिकेत झाडूकाम करायची आणि पगाराच्या दिवशी अंगठा द्यायची. बाई चौथीत असताना त्यांनी आईला चुलीतल्या राखेत स्वतःचं नाव गिरवायला शिकवलं. पुढे शाळा सांभाळून संध्याकाळी पेठेतल्या बायकांचा वर्ग घेतला, भांडी घासणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, म्हाताऱ्या, तरण्या. 'अंगठा सोडवणं' हा बाईंचाच शब्द. त्या दिवशी टॉवेलला हात पुसत त्या मला म्हणाल्या, "आईचा अंगठा सोडवला, सगळ्या पेठेचा सोडवला. शेवटी माझाच लागला बघ." त्या दिवसापासून त्यांनी पेनाला हात लावला नाही आणि घराचा उंबराही ओलांडला नाही.

व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी सांगून गेली होती की रोज एक पान लिहायचं, नाहीतर हात असाच राहील. साहेबांनी दुरेघी वही आणली. बाई म्हणाल्या, "पहिलीत बसायचं माझं वय गेलं," आणि वही रद्दीत टाकली. साहेबांनी ती रद्दीतून काढून परत टेबलावर ठेवली. परत रद्दीत. असं तीनदा झालं, चौथ्यांदा रद्दीवाला घेऊन गेला. साहेबांनी विषय सोडला. मला तरी तसंच वाटलं.

त्यानंतर आलेल्या रविवारी सकाळी साहेब आमच्या दारात उभे. हातात लाल कापडी बांधणीची जाड वही, कानावर पेन्सिल. म्हणाले, टेपची पहिली चाचणी आहे, साक्षीदार हवा. माझ्या हाताला थालीपिठाचं पीठ होतं. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम असेल.

पाऊण तास गेला. लाकडाच्या तुकड्यावर टेप, टेपवर फर्मा, मग राउटर, मग आडवा दाब, मग सोडवणं. प्रत्येक पायरीची नोंद. शेवटी मी सही केली, आणि साहेब वही घेऊन वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे बघत म्हणाले, "साक्षीदार क्रमांक दोन?" गॅलरीत बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मी लिहीत नाही, माहीत आहे तुम्हाला. साहेबांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं: "दुसऱ्या साक्षीदाराअभावी चाचणी बाद."

बाद! मी म्हटलं, अहो, माझे यजमान घरात लोळतायत, त्यांना बोलावते. साहेब म्हणाले, एकाच घरातले दोन साक्षीदार चालत नाहीत. मग मी मुद्द्याला हात घातला. म्हटलं, बाई तर तुमच्या स्वतःच्या पत्नी, अर्जदाराची बायको साक्षीदार म्हणून चालते होय? साहेबांनी कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली. मग म्हणाले, "अर्जदार मी नाही. अर्जदार टेप आहे." मी कपाळाला हात लावला आणि पीठ कपाळाला लागलं.

असे पाच रविवार बाद गेले. पाच! साक्षीदारानं चाचणी प्रत्यक्ष पाहिली पाहिजे, म्हणून बाईंसाठी खाली वेताची खुर्ची मांडलेली असायची, रिकामी. मी चांगली वैतागले होते. सहाव्या रविवारी मी साहेबांना तोंडावर सांगितलं की आठवडाभर मरमर काम करून मला हा एक दिवस मिळतो, मी काही रिकामटेकडी नाही. मी जरा मोठ्यानंच बोलले असणार, कारण वरून बाईंचा आवाज आला. "थांबा. मी येते खाली. त्या पोरीचा रविवार फुकट घालवू नका."

अकरा पायऱ्या आहेत. काठीचा एकेक ठोका आम्ही ऐकत होतो. साहेब मदतीला गेले नाहीत. यंत्राची वायर गुंडाळत उभे राहिले, आणि ती एकच वायर त्यांनी तीनदा गुंडाळली. बाई खुर्चीत बसल्या, चाचणी पाहिली, मग डाव्या हातानं उजवं मनगट धरून वहीवर टेकवलं. त्यांनी जे काढलं ती सही नव्हती. एक उभी रेघ, तिच्या पोटाला एक गोळा, आणि पुढे पेन पानाबाहेर गेलं. मी पार्किंगमधल्या स्कूटर मोजायला लागले. साहेबांनी शाई टिपली आणि नेहमीच्या सरकारी आवाजात वाचलं, "साक्षीदार क्रमांक दोन, सही केली. चाचणी क्रमांक एक वैध. टेप नापास."

तिथून गाडी सुरू झाली. आरशामागची फोमची जाड टेप नापास, कारण तिच्यावर फर्मा डुलतो, गादीवर उभं राहून भिंतीत खिळा मारावा तसं होतं. ऑफिसातली पातळ कागदी टेप नापास, भुसा लागला की तिचा जीव जातो. गालिच्याखालची टेप इतकी घट्ट की प्लायचा पापुद्रा निघाला पण ती निघाली नाही. शेरा: "सोडत नाही. स्वभाव वाईट." मोबाइलवरच्या जाहिरातीतली जेलीसारखी टेप च्युइंगमसारखी ताणली गेली. एकदा साहेबांना वाटलं, वजनानं परीक्षा घ्यावी. फर्मा पार्किंगच्या खांबाला चिकटवून त्याला तांदळाची पाच किलोची पिशवी टांगली. ती बारा चाळीसला सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकर यांच्या स्कूटरवर पडली. जोगळेकर तणतणत आले. साहेबांनी शांतपणे वही पुढे केली आणि म्हणाले, बरं झालं आलात, घटनेला तिसरा साक्षीदार लाभला. जोगळेकरांनी सही केली. का केली ते त्यांना अजून कळलेलं नाही. साहेब आणि मी तांदूळ वेचत असताना बाई खुर्चीत बसून हसल्या. झटक्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

मग आली सात नंबरची टेप. बोहरी आळीतल्या एका अरुंद दुकानातून आणलेली, पातळ, कापडाच्या पाठीची, पिवळट. दुकानातल्या म्हाताऱ्यानं तीन गोष्टी सांगितल्या होत्या: भुसा ओल्या फडक्यानं पुसा आणि सुकू द्या, लांब पट्टी नको, बोटभर तुकडे लावा, आणि यंत्र लावायच्या आधी मिनिटभर शिकंजात दाबा. साहेबांनी तसं केलं. राउटर फिरला, फर्मा जागचा हलला नाही. आडवा दाब दिला, हलला नाही. मग साहेबांनी कडेनं पातळ पाती सरकवली आणि फर्मा अलगद हातात आला. लाकडावर ओरखडा नाही, डिंक नाही. मी टाळी वाजवायच्या बेतात होते. साहेबांनी तो फर्मा उलटसुलट करून बराच वेळ पाहिला. मग बाईंकडे पाहिलं. बाईंची सही तेव्हा 'कु'पर्यंत आली होती, पुढचं सगळं चिरडलेलं. साहेबांनी वहीत लिहिलं: "नापास."

मी म्हटलं, हे काय? ते म्हणाले, समाधानकारक वाटत नाही. मी सही केली, पण मनात म्हटलं, ह्या माणसाचं समाधान ब्रह्मदेवही करू शकणार नाही. बाईंनीही सही केली.

त्यानंतर आणखी सोळा रविवार. मी भाचीचं बारसं बुडवलं, एकदा तापात सही केली. घरच्यांनी माझं नाव 'टेपताई' ठेवलं. आणि मग एका बुधवारी मी घरूनच काम करत होते, वीज गेली म्हणून खाली आले, तर साहेब कोपऱ्यात लिहायचं उतरतं डेस्क करत होते, मांडीवर ठेवायचं, बाईंसाठी. फर्म्याखालून पिवळट तुकडे डोकावत होते. शेजारी पत्र्याच्या डब्यात रीळ, त्यावर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: "क्र. ७. नापास."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, साहेब, ही टेप तेव्हाच पास होती. माझ्या डोळ्यांदेखत पास होती. तुम्ही ती बिनदिक्कत वापरताय, आणि मला दर रविवारी इथं उभं करताय? माझ्या सहीनिशी खोटं लिहिलंत? एवढं नोंद नोंद करणारा माणूस तुम्ही!

साहेबांनी चष्मा काढला. शर्टच्या टोकानं पुसला, परत घातला. मला वाटलं, आता काहीतरी कलम सांगतील. ते हळू आवाजात म्हणाले, "बत्तीस वर्षांत एकही खोटी नोंद केली नाही, मेधाताई. लोकांनी काय काय देऊ केलं, नाही केली. ही एक केली."

मग त्यांनी लाल वही काढली आणि पानं माझ्यासमोर एकेक करून उलटली. वरचा मजकूर दाखवला नाही, फक्त खालचा उजवा कोपरा. साक्षीदार क्रमांक दोन. पहिल्या पानावर रेघ आणि गोळा. चौथ्यावर 'क'चं पोट. सातव्यावर 'कु'. अकराव्यावर शिरोरेघ आली, वाकडी, पण आली. पंधराव्यावर 'कुसुम' लागत होतं. एकविसाव्या पानावर पूर्ण नाव होतं, दोन्ही उकारांसकट, थरथरतं पण पूर्ण. साहेब म्हणाले, "दुरेघी वहीत त्या लिहिणार नाहीत. पण कोणाचं काम आपल्या सहीवाचून अडलंय म्हटलं की बाई बसून राहत नाहीत. टेप पास झाली असती तर सातव्याच चाचणीला वही मिटली असती."

मी भांडायला उभी राहिले होते आणि ती पानं परत पहिल्यापासून उलटत बसले. पाच बाद रविवार, त्या अकरा पायऱ्या, रिकामी वेताची खुर्ची, सगळं माझ्या समोर होतं आणि मला मेलीला काही दिसलं नव्हतं. साहेबांना वाटलं, मी अजून रागावलेली आहे. म्हणाले, तुम्हाला सही मागे घ्यायची असेल तर तसा अर्ज द्या, तुमचा हक्क आहे. मी नको म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "मग हे आपल्यात तोंडीच ठेवा. बाईंना कळता कामा नये." साहेबांच्या तोंडून 'तोंडी ठेवा' हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी मी वेळेच्या आधी खाली हजर. चोवीस नंबरची टेप मांडलेली होती. बाई काठी टेकत उतरल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज चाचणी नको. वही द्या इकडे."

साहेबांनी वही दिली. बाईंनी ती मांडीवरच्या नव्या डेस्कवर ठेवली आणि मागे मागे जात सातवं पान काढलं. म्हणाल्या, "इथं दुरुस्ती आहे." बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मी वरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "त्या डब्यातलं रीळ दर आठवड्याला बारीक होतंय. नापास टेप कोण संपवतं? शाळेत पोरांनी एक खडू उचलला तरी मला कळायचं, तुम्ही तर घरातले."

साहेबांचा चेहरा मास्तरांनी उभं केलेल्या मुलासारखा झाला. माफी मागतात की काय असं वाटलं. पण बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. "त्याच दिवशी पाहिलं मी. टेप सुटली ते पाहिलं आणि तुम्ही काय लिहिलंत तेही पाहिलं. म्हटलं, ह्या माणसानं माझ्यासाठी खोटी नोंद केली, तर मला नाव लिहायला काय धाड भरलीये." आणि पेन मागितलं.

त्यांनी पट्टीनं 'नापास'वर एक आडवी रेघ मारली. पट्टी मी धरली होती. मग त्या शेजारी लिहायला लागल्या. डावा हात आता मनगटाला नव्हता, नुसता वहीवर ठेवलेला होता. उ झाला. त्त झाला. 'त्ती'ची वेलांटी पानावरून परत यायला तयार नव्हती, ती त्यांनी दम देऊन आणली. 'ण' लिहून झाला आणि त्यांनी पेन उचललं, दम खाल्ला, आणि शेवटी त्याच्या डोक्यावर रफार दिला. उत्तीर्ण. पाच मिनिटं तरी लागली असतील. जोगळेकर स्कूटर काढायला आले होते, तेसुद्धा किल्ली हातात धरून उभे राहिले.

"खाडाखोडीवर सही लागते ना?" बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सही केली.

नोंद वाचून दाखवायचं काम साहेबांचं. वही त्यांच्याकडे दिली, त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. डोळे वाहत होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं. शेवटी मी वही घेतली आणि वाचलं: टेप क्रमांक सात, उत्तीर्ण, दुरुस्ती कुसुम सोनवणे यांच्या हस्ते. मग मी खाली साक्षीदार म्हणून सही केली, नाव, वय, व्यवसाय आणि पत्त्यासह. कोणी मागितला नव्हता, तरी.

त्याच आठवड्यात बाई परत त्या कार्यालयात गेल्या. मी नव्हते, पण साहेबांनी मला हे तीनदा सांगितलंय. खिडकीतून शाईचं पॅड पुढे आलं. बाईंनी ते दोन बोटांनी मागे सरकवलं आणि म्हणाल्या, पेन आहे माझ्याकडे. मागे रांग होती. रांग थांबली.

पाटी आता दारावर आहे. साहेबांनी सात नंबरच्या टेपचे बोटभर तुकडे लावून फर्मा दाबला आणि एका दमात अक्षरं कोरली. मी म्हटलं होतं, शाळेच्या दाखल्यावरची जुनी सही घ्या, किती सुबक आहे ती. ते नाही म्हणाले. त्यांनी घेतली ती सातव्या पानावरची, दुरुस्तीच्या बाजूची.

परवा जोगळेकर जिना उतरताना पाटीसमोर थांबले. म्हणाले, सोनवणे, लाकूड झकास आहे हो, पण अक्षरं वाकडी आली, तुमचा साचा सरकला वाटतं. साहेब म्हणाले, "तसूभर सरकला नाही. सही अशीच आहे. साक्षीदार वरच्या मजल्यावर राहतात, विचारा."

मी जिन्याच्या कठड्यावरून ऐकत होते. हातातलं काम टाकून खाली गेले आणि जोगळेकरांना सांगितलं, "हो. माझ्यासमोर केलीये."